सगळं धरून

जाहिरातीत मी चारच शब्द घालते:
वीज, पाणी, हीटिंग धरून.
भाडं साडेनऊशे. कुत्रा चालेल, ड्रम नाही.

मुलगी टोरांटोहून फोनवर ओरडते,
आई, प्रत्येकाला वेगळा मीटर बसव,
लोक तुझ्या जिवावर आंघोळी करतात.
करतात.
तळघरातला किदाने
उणे तीसमध्ये खिडकी सताड उघडी टाकतो,
म्हणे भाजी करपली, वास जाऊ दे,
आणि माझे डॉलर वाफ होऊन
सेलकर्क अव्हेन्यूवरून तरंगत निघतात.
मी झाडूच्या दांड्याने जमीन ठोकते.
खिडकी लागते. खाली हसतोही बहुतेक.

मिरोस्लावने या घराची चार बिऱ्हाडं केली तेव्हा
सगळे पाइप माझ्या ओट्यामागच्या
एकाच भिंतीतून नेले. तेवढीच काटकसर.
तो गेला, भिंत बोलत राहिली.
डेल्फीन हॉस्पिटलातून पहाटे पाचला येते,
अकरा मिनिटं शॉवर.
ऑक्टोबरात बावीस झाली.
मी म्हटलं, बरं.
मार्चमध्ये पुन्हा अकरा.
विचारलं काहीच नाही,
बीटचं सूप तेवढं वाटीभर जास्त केलं.

सगळ्यात वर आर्नी थोरलाक्सन.
गिमलीच्या गोठलेल्या तळ्यावर
भोक पाडून मासे धरण्यात जन्म गेला.
त्याचा नळ सकाळी सहाला, किटलीपुरता,
आणि शनिवारी टबभर.

या फेब्रुवारीत दोन दिवस त्याचा पाइप गप्प.
तिसऱ्या दिवशी मी किल्ली घेतली,
कठडा धरून, मग गुडघा धरून,
मग नुसतीच देवाचं नाव धरून
सत्तेचाळीस पायऱ्या चढले.

मेला नव्हता.
ओव्हरकोट, कानटोपी, हातमोजे घालून
खुर्चीत बसला होता, पाहुण्यासारखा.
खिडकीला आतून बर्फ.
रेडिएटरची चावी गच्च आवळलेली.
मासेमारीच्या जुन्या स्टोव्हवर
बाल्कनीतला बर्फ वितळत ठेवलेला, चहासाठी.

आग लावाल माझ्या घराला! मी ओरडले.
तो म्हणाला, भिंतीतून ऐकू येतं, स्टेफा.
तुझी मुलगी. ते बिल.

माझे कान गेलेत, मी फोन मोठ्याने लावते,
आणि इतकी वर्षं समजत होते
की ती भिंत एकाच बाजूने ऐकते.

चावी फिरवली. रेडिएटर खोकला,
दोनदा ठणठणला, मग तापू लागला.
टबाचा नळ पूर्ण सोडला.
तो अबोला धरून बघत राहिला.
म्हटलं, आर्नी, यात पाणी धरलंय,
हीटिंग धरलंय, तुम्हालाही धरलंय.
कुठे लिहिलंय, म्हणाला.
कुठेच नव्हतं लिहिलेलं.
मी टॉवेल शोधायला लागले.

बिल आलं. आकडा सांगणार नाही.
शिवी दिली, युक्रेनियनमध्ये,
तीही तोंडावर हात धरून.
मुलीचा फोन आता मी अंगणात घेते,
बूट, कोट, दोन टोप्या.
ती विचारते, आई, एवढा वारा कसला गं?
मी सांगते,
किदानेने खिडकी उघडी टाकलीय.