तीन सूत

तीनदा पुढची चाकं सरळ करून झाली.
पडद्यावर हिरव्या रेघा, बिल, कटिंग चहा,
तरी स्टीअरिंगवरचा बिल्ला डावीकडे कललेला,
फोटोतल्या आत्यासारखा.

मग कुणीतरी सांगितलं, लोहामंडीच्या मागे जा, गफूर मिस्त्रीकडे.

त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
डांबरावर बादलीभर पाणी ओतलं
आणि म्हणाला, इसपे से निकालो, सीधी.
मी नेली. उतरून मागे पाहिलं.
ओल्या चाकांच्या दोन रेघा हव्यात,
उमटल्या होत्या चार.
देखो, पिछाड़ी अपनी अलग गली से आ रही है.

मग मागच्या टायरवर माझा तळवा ठेवायला लावला.
जाताना मऊ,
परत येताना करवत.
मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा, तसं.

मग ओळंबा, खडू, मापाची पट्टी.
पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत
उजवीकडे बरोबर.
डावीकडे तीन सूत जास्त.
खाली शिरून त्यानं पहार लावली, एकच हिसका.
एक्सलचा डावा बुश
भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला.

ये खाली घिसा नहीं है मैडम, ठुका है.
साल-डेढ़ साल हुआ होगा.

दीड वर्षापूर्वी गाडी मुकुंदाकडे होती.
देवासचं लग्न आटोपून मध्यरात्री आला
आणि किल्ली खुंटीला लावताना म्हणाला,
एकदम मक्खन चालते ग तुझी गाडी.
त्यानंतर रविवारचा यायचा बंद झाला.
मी आपली पुढचीच चाकं तपासत राहिले:
वहिनीचं काही, वाटणीचं काही,
आईच्या पाटल्यांवरून मी बोलले होते ते.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले. एक बदलून भागत नाही म्हणे,
जुना नव्याला ओढतो.
सुटलेला तुकडा त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिला,
गिऱ्हाइकाला खात्री हवी म्हणून.
तो पुढच्या कप्प्यात पडलाय, विम्याच्या कागदांवर.
दाखवीन. किंवा नुसतीच जाईन,
भजी कर म्हणेन.

बिल्ला आता सरळ.
पण माझ्या हाताला डावीकडे धरायची सवय.
गीता भवनपर्यंत
बरी झालेली गाडी
मीच वाकडी चालवत होते.