स्वखुशीने

चोपड्याहून लासूरकडे निघालं
की केळीच्या बागा संपता संपता
वसतिगृहाची पश्चिमेकडची भिंत लागते.
दर सात वर्षांनी मी तिच्यावर हिलाल आप्पा रंगवतो.
चेहरा नाही, चेहरा आता फ्लेक्सवर छापून येतो.
मी अक्षरं.

आप्पांचं नाव मी डोळे मिटून काढीन.
ते नसते तर माझा बाप
अनेरच्या पाण्यात मासे धरत म्हातारा झाला असता,
अंगठा उठवत.
मग माझ्या हातात ब्रश कुठून येणार?
हे देणं आहे, व्याजासकट आहे,
मी नाही म्हणत नाही.

यंदा समितीच्या देवचंद सरांनी नवा मजकूर दिला:
'सौ. झेलाबाईंनी स्वखुशीने दिलेल्या
चांदीच्या गोटांतून येथील पहिली चूल पेटली.'

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मी थांबलो.

बाप सांगायचा, झेलामायची भाकर
एका कडेला जाड असायची.
थापताना तिचं डावं मनगट वळायचं नाही.
बत्तीस पोरं एका पंगतीत,
पावरा, भिल्ल, कोळी, महार,
आणि सगळी हसायची, आज कोणत्या देशाचा नकाशा म्हणून.
ती म्हणायची,
'भाकर वाकडी व्हयनी ते काय व्हयनं, पोट ते भरस ना?'

गोट निघत नव्हता.
लग्नात घातलेला, बाराव्या वर्षी;
हात वाढला, चांदी तेवढीच राहिली.
सकाळी वाण्याला ज्वारीचे पैसे द्यायचे होते.
घरात तेल होतं. साबणाची वडी होती.
आप्पांना घाई होती.
ती घाई आमच्यासाठी होती, हेही खरंच.

बापाने हे एकदाच सांगितलं,
जळगावच्या दवाखान्यात, भिंतीकडे तोंड करून.
वर म्हणाला, कुठे बोलू नको, देवमाणूस होता.
मी म्हटलं, देवाला साबण सापडला नाही?
दोन दिवस बाप माझ्याशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी बोलला, ते पाणी मागायला.

लोक म्हणतात, मोठ्या माणसाच्या घरात डोकावू नये.
आम्ही कुठे डोकावलो?
आम्ही तिथे जेवायला बसलो होतो.
त्या गोटांची ज्वारी, त्या मनगटाची भाकर,
आणि आता आम्हीच पंच?
पंचाच्या पोटात मुद्देमाल.

झेलामायने केलं का माफ?
आप्पा गेले त्या सकाळी अंगणात हार, पुढारी, पोलिसांचा बँड.
ती चुलीपाशी उकिडवी बसलेली.
तिने एवढंच विचारलं म्हणतात,
'आज जेवाले पोरे कितला शेतस?'
कोणी म्हणालं, काय हे धैर्य.
कोणी म्हणालं, धक्का बसलाय, रडवा तिला.
मला वाटतं, तिला पीठ काढायचं होतं.
मला वाटतं म्हणजे, मला माहीत नाही.

देवचंद सर खालून ओरडले,
अहो पेंटर, संध्याकाळी पाहुणे येणार!

शब्द गाळता आला असता,
पण मधली चार अक्षरं नसली
की भिंत दात पडल्यासारखी दिसते.
बदलता आला असता,
तर कोणता घालू?
आणि खाली तीच बत्तीस पोरं, म्हणजे त्यांची नातवंडं,
एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत उभी.

मी लिहिलं. सगळं लिहिलं.
आप्पांच्या नावाला दोन हात दिले, लाल, वर काळी कड.
फक्त त्या एका शब्दापुरतं
डब्यात टर्पेंटाइन जरा जास्त ओतलं.

पश्चिमेची भिंत आहे, आणि आमच्याकडचं वैशाखातलं ऊन.
बाकीचा मजकूर सात वर्षं जाईल.
तो शब्द तीन, फार तर चार.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं,
म्हणाले, इथे जरा फिकट वाटतंय.
मी म्हटलं, तिथे भिंत रंग पिते, सर.
आणि ब्रश पुसला.