अडीच टॉग

माझं काम उणे वीसचं.
टिमारूच्या बंदरावर, मासे गोठवायच्या कोठारात
खोक्यावर खोकं रचायचं.
पाऊण तास आत, मग पंधरा मिनिटं बाहेर,
तेवढ्यात भुवयांवरचं दंव वितळून चहाच्या कपात पडतं.
थंडीतलं काहीही विचारा मला.
उणे दोनला मासा अजून वाकतो,
उणे दहाला फळकुटासारखा होतो,
उणे वीसला हातून निसटला
तर काचेसारखा वाजतो.

उबेतलं मला काही कळत नाही.

पलंगावर दोन झोपपिशव्या पसरल्यात.
एक, एक टॉगची, पातळ, लिंबांच्या छापाची.
दुसरी अडीचची, शेजारच्या मिसेस टॅल्बटनी दिलेली,
गळ्यापाशी निळ्या दोऱ्यानं भरलंय: ओवेन.
तो ओवेन आता दारातून वाकून आत येतो
आणि आमचं गवत कापून देतो.

भिंतीवर सोळा अंश.
बारानंतर आम्ही हीटर बंद करतो
(बिल फ्रिजवर आहे, चुंबकाखाली),
आणि दक्षिणवारा सुटला की हे लाकडी घर
चाळणीसारखं वागतं. पहाटे तेरा.
मग हिला निजवायचं ते सोळात की तेरात?
पिशवीवरच्या तक्त्यात दर अंशाला एक चौकोन आहे,
रात्र उतरत जाते, त्याला चौकोन नाही.

आई फोनवर म्हणाली, तुला आम्ही
तीन रजयांखाली गाडून टाकायचो, काय झालं तुला?
नर्स पॉलीन म्हणाली होती,
गारठलेलं मूल रडून घर डोक्यावर घेतं.
उकडलेलं मूल सांगेलच असं नाही.
एवढं बोलून ती वजनकाटा पिशवीत भरू लागली.
मी मात्र अजून त्या वाक्यापाशीच उभा आहे.

हातपाय बघू नका, तेही तिनंच सांगितलं,
ते गारच असायचे. मानेमागे बोटं घालून बघा.

बोटं.
आठ वर्षं कोठारात घातलेली.
मी दोन बोटं हेटीच्या मानेमागे घातली
आणि मला ती तव्यासारखी लागली.
लिंबांची पिशवी उचलली.
मेरेआना केस पुसत आली, हात लावला.
"गार आहे की रे ही."

पाच महिन्यांची, चार बोटांची मान,
आणि तिच्यावर दोन ऋतू.

मेरेआना हसली नाही.
माझा हात उचलून तिनं काखेत दाबला,
"आधी हा माणसात येऊ दे."
तसेच उभे राहिलो, किती वेळ कोण जाणे.
हेटी आमच्याकडे बघत
स्वतःची मूठ चोखत होती, चवीनं.

बोटांना मुंग्या आल्या, पण भरवसा नाही आला.
शेवटी मी वाकलो
आणि तिच्या मानेमागे, जिथे जावळ विरळ होतं,
ओठ टेकवले.
कामावर ओठ मफलरच्या आत असतात,
माझ्यात तेवढीच जागा शाबूत आहे.

कोरडी. कोमट. किंचित आंबट, दुधाची.

अडीच, मी म्हणालो.
आत लांब बाह्यांचा एक सदरा. टोपी नको, वर पांघरूण नको.
चेन खालून वर ओढली, ओवेनपर्यंत.

पहाटे चारला उठलो तेव्हा चौदा अंश होते.
एक अंश कुठून शिल्लक राहिला, देव जाणे.
बूट हातात घेऊन गेलो, वाकलो.
तिनं झोपेत तोंड वाकडं केलं
आणि आपली उशीविना गादी
माझ्याकडे पाठ करून जवळ केली.
ठीक होती.

बाहेर गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ.
खरवडायला लागलो आणि थांबलो.
डब्याखाली कधीपासून पडलेले ते लोकरी हातमोजे,
जे आतून घालायचे असतात आणि आम्ही कोणीच घालत नाही,
शोधून काढले. चढवले.
संध्याकाळी ही बोटं लागतील.