नावाच्या पट्ट्या

जुफैरच्या नाविक तळाबाहेर, तिसऱ्या गल्लीत
आमचं शिंप्याचं दुकान. कपडे फारसे शिवत नाही,
नावं शिवतो.
उजव्या खिशावर माणूस, डाव्या खिशावर नौदल.
अक्षराला पन्नास फिल्स.
ली दीडशेत सुटतो,
कोवाल्चिक दर वेळी कुरकुरतो.

टॉलिव्हर आठ अक्षरं. एल दोनदा.
त्या आठवड्यात दोन टॉलिव्हर आले होते,
मी एकाच बैठकीत, एकाच रिळावर दोघांचं उरकलं
आणि गठ्ठे बांधताना शर्ट बदलले.

गुरुवारी संध्याकाळी ती आली. इंजिनरूमची.
बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.
"मिस्टर चोगल, मी इतकी वाढले कधी?"
बाकी सगळे खलाशी, आमच्याच पोरांचं ऐकून,
मला मास्टर म्हणतात.
ती कधी म्हणाली नाही. मला वाटायचं, विसरते.

मागोमाग लेफ्टनंट, वाळल्या गवतासारखे केस,
हातात तिचा शर्ट, घडी न मोडलेला.
दोघांनी एकमेकांच्या छातीवर
आपापलं नाव वाचलं.

"गाव कुठलं?" त्याने विचारलं.
(आमच्याकडेही पहिला प्रश्न हाच.)
तिने सांगितलं. व्हर्जिनिया, नदीकाठ, तंबाखू.
"अरे, आमचंही तेच!" तो खुलला.
आजोबांनी वंशावळ छापून घेतलीय म्हणाला,
जहाजातून उतरलेल्या पहिल्या टॉलिव्हरपासून.

"त्यात नका शोधू आम्हाला," ती म्हणाली.
"त्याच घरातली जमाखर्चाची वही बघा.
दोन बैल, एक नांगर,
मग आयझॅक, वय अकरा, पुढे किंमत.
आडनाव नव्हतंच त्याला.
सुटका झाली तेव्हा कारकुनाने पूर्ण नाव मागितलं,
जन्मभर जे कानावर पडलं होतं
तेच त्याने सांगितलं."

एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
हनीफने कात्री खाली ठेवली.

हनीफ माझा कटर. हनीफ चौगुले.
मी हरबा चौगुले.
एका खाडीचे आम्ही, तो अलीकडचा, मी पलीकडचा.
पाटलाच्या हाताखालचं ते जुनं काम कधीच गेलं,
नाव दोन्ही काठांना चिकटून राहिलं.
त्याचे नमाजी कधी झाले, आमचे का राहिले,
त्याने विचारलं नाही, मीही नाही.
बँकेत दोघेही एच. चौगुले.
एकदा माझा पगार त्याच्या घरी गेला,
तर त्याची आई तरीत बसून पलीकडे आली,
रुमालाची गाठ सोडून माझ्या बायकोसमोर मोजले,
चहासुद्धा न घेता भरती गाठायला परतली.

मला वाटे, एक नाव म्हणजे एवढाच घोटाळा.
चुकीच्या दारात जातं,
कुणीतरी आणून देतं.

लेफ्टनंटचे कान लाल झाले होते.
काय बोलावं ते सुचेना, म्हणून असेल,
त्याने पाकीट काढलं.
"दोघांचे मीच देतो."

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.
"माझे माझ्या नावावर लिहा."

मी वही ओढली. टॉलिव्हर लिहिलं
आणि थांबलो.
वरच्या ओळीवर दोऱ्याची रिळं, सुया, वंगण,
खाली हे.
तिने काउंटरवरून वाकून पाहिलं.
मला पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही,
हिशेबाची वही, अरबाब तपासतो.

"डेलिया," ती म्हणाली. "आधी डेलिया लिहा."

मग मी जागा नसताना, समासात,
आधी डेलिया लिहिलं.
पाच अक्षरं. त्यांचे पैसे लावले नाहीत.
तिने चारशे फिल्स मोजून ठेवले,
आपला शर्ट उचलला, त्याचा अंगातून काढून
नीट घडी घालून दिला.

तो अजून पाकीट उघडं धरून उभा होता.
हनीफने मशीन सुरू केलं.