चौदा

अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेला काँक्रीटचा ठोकळा
शुशानिकने यंत्राच्या जबड्यात ठेवला
आणि चाक फिरवलं.
काटा चढला, दहा, बारा,
चौदावर ठोकळ्याने मान टाकली.
हवे होते पंचवीस.
तिने दुसरा ठेवला. तिसरा ठेवला.
वहीत लिहिलं : चौदा. चौदा. साडेतेरा.
मी शेजारच्या टेबलाशी चहात साखर ढवळत होतो,
ढवळतच राहिलो.

संध्याकाळी मेलिकसेत साहेब आले,
त्यांनी किल्ली काढून तिच्या वहीवर ठेवली.
चौथा मजला, दोन खोल्या, दक्षिणेची खिडकी.
ग्युमरीत तेव्हा कितीतरी लोक पत्र्याच्या डब्यांत राहायचे,
भूकंपानंतर चार महिन्यांसाठी म्हणून दिलेल्या.
शुशानिक आणि तिची आई त्यांतल्याच एकात,
जिथे जानेवारीत केस उशीला गोठून चिकटायचे.
साहेब म्हणाले, "एकाचा दोन करायचा, बस.
चौदाचे चोवीस. पुढचं मी बघतो.
चर्चला जाता ना?
मग देवानेच धाडली समजा."

तिने किल्ली उचलली, तिच्याखालची धूळ पुसली,
आणि किल्ली साहेबांच्या हातात परत दिली.
"ज्याला विचारायचं त्याला सकाळीच विचारून झालंय."
भावाचं नाव तिने काढलं नाही.
शाळेच्या ज्या छपराखाली ह्राच सापडला
ते तिने वीस वर्षांची असताना हातांनी उकरलं होतं.
मुठीत घेतलं की वाळू व्हायची त्याची, कोरडी वाळू.

दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर आली.
एकाचा दोन करणं फार सोपं असतं,
सरळ उभ्या माणसाला
वरून थोडं वाकवायचं
आणि खाली पाय पसरायला जागा द्यायची.

अश्खेनने खिडकीला पांढरे पडदे लावले.
शुशानिकची नोकरी गेली.
ती बाजारात लोकरीचे मोजे आणि बटणं विकू लागली.
तिसऱ्या हिवाळ्यात आई त्या डब्यातच गेली.

मी वाट पाहत होतो, कबूल करतो,
देव हिशेब कधी करतो याची.
एकतर इमारत पडेल, नाहीतर तिला काहीतरी मिळेल.
सतरा वर्षांत दोन्ही झालं नाही.
दोनदा जमीन हलली, कपबशा वाजल्या, दिवा झुलला,
भिंती जागच्या जागी.
बाजारात लोक म्हणतात, बघा, काय झालं?
उगाच हट्ट बाईचा.
ती सुट्टे पैसे मोजून देते.

दर ईस्टरला येते. कांद्याच्या सालीत रंगवलेली
लाल अंडी फडक्यात बांधून.
माझी नाझेली तिच्या अंड्यावर अंडं आपटते,
आणि शुशानिक मुद्दाम हरते.
जाताना जिन्यात थांबते,
भिंतीला तळवा लावते, ओठ हलतात.
मला वाटायचं, माझं पाप मोजते आहे.

या वर्षी मी थोडी घेतली होती, म्हणून विचारलं.
ती दचकली नाही.
"म्हणते, प्रभू, माझा चौदा खोटा पाड.
यंत्रच बिघडलेलं होतं असं ठरू दे,
मी मूर्ख ठरू दे,
पण ही भिंत धरून ठेव."
"सतरा वर्षं हेच?"
"वर लेकरं झोपतात रे. बत्तीस घरं आहेत."
"आणि स्वतःसाठी?"
तिने रुमालाची गाठ घट्ट केली, विचार केला.
"मला झोप लागते," म्हणाली,
आणि कठड्याला धरून हळूहळू उतरली.

रात्री अश्खेन घोरत होती.
माझी बाजू भिंतीकडची.
अंधारात तळवा लावून पाहिला : गार,
आणि पलीकडे कुणाच्या तरी बाळाचा खोकला.
मग उठलो, वीजबिलाच्या पाठीमागे
सतरा वर्षांनी तो आकडा लिहिला,
सरळ, न वाकवता.

कागद खिशात आहे.
कुणापुढे ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही.
सकाळ व्हायला आली आहे,
विचारून बघतो.