अंगठा नको

अंगठा नको, मी दर ऑगस्टात सांगते.
अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
त्यानं मनगट धरलंत तर स्वतःलाच मोजाल
आणि पेशंटच्या कागदावर लिहून याल.
दोन बोटं ठेवा. हलकी.
दाबलीत, की हरवते.

यंदा अकरा जण.
मेनचं हे उत्तर टोक, नदीपलीकडे कॅनडा,
आणि सुतारकामाच्या वर्गाला लागून आमची खोली.
भिंतीपलीकडे करवत सुरू झाली
की स्टेथोस्कोप गळ्यात टाकून नुसतं बसायचं.
तीन पलंग आहेत, गावच्या इस्पितळाचे.
या अकरातले सात जण तिथंच जन्मले;
प्रसूतीचा मजला बंद झाला तेव्हा पलंग लिलावात निघाले.
आता बाळंतपणाला तासभर दक्षिणेला जावं लागतं,
बर्फ असेल तर दोन.

मधल्या पलंगावर बर्निस.
रबराची. डोळे सताड उघडे, डाव्या हाताला चारच बोटं,
पाचवं कुठल्या बॅचनं तोडलं, कुणी कबूल करत नाही.
दिवसातून सहा वेळा तिला आंघोळ घालतात,
तिच्याइतकी स्वच्छ बाई पंचक्रोशीत नसेल.
ती कधी "गार लागतंय" म्हणत नाही.
हीच तिची खोट.

सप्टेंबरात तीन आठवडे सुट्टी, बटाटे काढायला.
परततात तेव्हा नखांत तांबूस माती.
वीस सेकंद घासा, चाळीस घासा,
नोव्हेंबरपर्यंत ती हलत नाही.
परीक्षक बाई दक्षिणेकडून येतात, नखं बघतात, गुण कापतात.
मी भांडते:
हा मळ नाही हो,
हे यांच्या युनिफॉर्मचे पैसे आहेत.

टेसा सूसी हुशार. दोनशे सहा हाडं तोंडपाठ,
झोपेतून उठवून विचारा.
वृद्धाश्रमातल्या पहिल्याच सकाळी
कुणाच्या तरी टाचेवरची जखम पाहिली
आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून बसली.
मी शेजारी बसले. काही शिकवलं नाही.
आता ती रक्ताच्या नळ्या तपासायला शिकतेय.
नळ्या कण्हत नाहीत.
तेही काम कुणीतरी करायलाच हवं.

आणि एमेट मिशो,
सुतारकामाचा वर्ग भरला म्हणून इकडे आलेला,
ज्याच्या वहीत 'न्यूमोनिया' तीन तऱ्हांनी लिहिलाय, तिन्ही चूक,
तो आल्सिदच्या खोलीत गेला.

आल्सिद, वय एक्याण्णव.
कुणाला हात लावू देत नाही.
एका नर्सला चावलाय, मला चमचा फेकून मारलाय.
एमेट खुर्ची ओढून बसला
आणि या खोऱ्यातल्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं,
"दिवसाला किती पिंपं भरायचात?"

बराच वेळ काही नाही.
हीटरची घरघर.
मग म्हातारा म्हणाला, "शंभर.
एकदा एकशे बारा."
आणि हात पुढे केला.

हातगुण म्हणतात तो हाच का, मला ठाऊक नाही.
आमच्या पुस्तकात त्यावर प्रकरण नाही.
असतं, तर मी शिकवून शिकवून मारून टाकलं असतं.

दुसऱ्या मनगटावर मी. घड्याळ भिंतीवर. साठ सेकंद.
एमेटचे ओठ हलत होते,
दोन बोटं बरोबर जागी,
आणि अंगठा,
शंभरदा नको म्हटलेला तो अंगठा,
खालून टेकलेला,
म्हाताऱ्याचा हात तोलून धरलेला.

"बहात्तर," तो म्हणाला.
माझे अडुसष्ट.
परीक्षेत चार ठोक्यांची सूट असते.
मी बरोबरची खूण केली.
ते चार कुणाचे, विचारलं नाही.