दुसरं गेट, टिळकवाडी

गेट पडलंय.
अकरा गाड्या, अकरा पिशव्या,
आणि आज कुणालाच घाई नाही.

भरमा म्हणतो, सोमवारी लॉग आऊट. सगळ्यांनी.
मल्लेश तेच कन्नडमधून सांगतो,
दोन शिव्या जास्तीच्या घालून.
या गावानं बंद काय कमी पाहिलेत?
पण ते पाट्यांवरच्या अक्षरांसाठी.
किलोमीटरमागं कापलेला दीड रुपया
कुठल्या लिपीत लिहायचा?

इम्तियाज गप्प. त्याचा हप्ता पाच तारखेला.

मी सांगतो, हिंदवाडीच्या देसूरकर बाई
पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाल्या,
"करा रे, आमचा पाठिंबा आहे.
फक्त सोमवार तेवढा नको,
जावयाकडची माणसं यायचीत."
सगळे हसतात.
हसून झाल्यावर कुणी कुणाकडं बघत नाही.

मालगाडी संपता संपत नाही.

तेवढ्यात अकरा खिशांत एकदम थरथर.
शहापूर, दोन सेट डोसे,
तीस सेकंद.
एकोणतीस.
भरमा उजवा हात मांडीखाली दाबून बसतो.
इम्तियाज फोन टाकीवर पालथा ठेवतो,
मग सुलटा,
मग पुन्हा पालथा.

अकरा.
गेट हललं वाटतं.